३८४ चा ताईत

शोधगंगा उघडा आणि समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य, समाजकार्य अशा विषयांतले सर्व्हेवर बेतलेले चार-पाच थिसिस चाळा. थेट तिसऱ्या प्रकरणाकडे जा, कारण 'संशोधन पद्धती' बहुधा तिथेच बसलेली असते. 'नमुना आकार' असं एक उपशीर्षक दिसेल. त्याखाली क्रेजसी आणि मॉर्गन यांचं नाव, १९७० हे साल, आणि मग तो आकडा: ३८४. विषय बचत गटांचा असो, ऑनलाइन खरेदीचा असो, नाहीतर शिक्षकांच्या ताणाचा; आकडा ३८४ किंवा त्याचा सख्खा भाऊ ४००. चारशेवाल्यांनी क्रेजसी-मॉर्गनऐवजी यामाने यांचं सूत्र वापरलेलं असतं, एवढाच फरक.

आजची पोस्ट या आकड्यावर आहे, आणि तो आपल्या हातात देणाऱ्या 'रिसर्च मेथडॉलॉजी' नावाच्या पेपरवरही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गणित म्हणून ३८४ मध्ये काडीची चूक नाही. पण आपण तो ज्या कामासाठी वापरतो ते काम त्याला येत नाही. आपण तो ताईतासारखा बांधतो. व्हायवात कोणी वाकडं विचारू नये म्हणून.

चार पानांचा निबंध

क्रेजसी आणि मॉर्गन यांचा मूळ निबंध किती मोठा असेल? चार पानं. १९७० साली शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय मापनाच्या एका अमेरिकन नियतकालिकात तो छापून आला. सूत्रसुद्धा त्यांचं स्वतःचं नाही. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संशोधन विभागाने १९६० मध्ये दिलेलं सूत्र त्यांनी घेतलं आणि लोकांना दरवेळी आकडेमोड करावी लागू नये म्हणून त्याचा तक्ता करून दिला. समष्टी १० ची असेल तर सॅम्पल १०, ९००० ची असेल तर ३६८, दहा लाखांची असेल तर ३८४. रेडी रेकनर म्हणा ना.

आता हा आकडा येतो कुठून ते बघू, म्हणजे त्याची भीती जाईल. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ हा आकडा घेतात. त्याचा वर्ग ३.८४१. त्याला ०.५ ने आणि पुन्हा ०.५ ने गुणायचं, कारण लोकांचं मत निम्मं-निम्मं विभागलेलं असेल तेव्हा अंदाज बांधणं सगळ्यात अवघड असतं, म्हणून तोच प्रसंग धरून चालायचं. मग ०.०५ च्या वर्गाने भागायचं, कारण आपल्याला पाच टक्क्यांची चूक चालणार आहे. उत्तर येतं ३८४. समष्टी लहान असेल तर त्यातून थोडं कमी होतं. संपलं सूत्र.

म्हणजे हा आकडा नेमकं काय सांगतो? लोकांची पूर्ण यादी तुमच्याकडे आहे. त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून, प्रत्येकाला सारखी संधी देऊन, तुम्ही माणसं निवडलीत. निवडलेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं. आणि तुम्हाला एकाच हो-नाही प्रश्नाची टक्केवारी हवी आहे. अशा वेळी ३८४ माणसं घेतलीत तर तुमची टक्केवारी खऱ्या टक्केवारीच्या पाच अंक अलीकडे-पलीकडे पडेल, आणि हे १०० पैकी ९५ वेळा घडेल.

या वाक्यांत किती अटी आहेत त्या मोजा. मग कुठल्याही थिसिसमध्ये जाऊन बघा, त्यातल्या किती पाळल्यात.

शितावरून भाताची परीक्षा

सॅम्पलिंगचं तत्त्व आपल्या भाषेत आधीपासून आहे: शितावरून भाताची परीक्षा. पातेलं दोन माणसांचं असो की लग्नाचं, एखाद-दुसरं शीत दाबून कळतं. म्हणूनच समष्टी एक लाखाची असली काय आणि दहा लाखांची असली काय, सूत्राला फारसा फरक पडत नाही.

पण स्वयंपाक करणाऱ्याला हेही माहीत असतं की चूल एका बाजूने धडधडत असेल तर तळाला भात करपतो आणि वरचा टचटचीत राहतो. मग वरवरची ३८४ शितं दाबली तरी तळाचं कळत नाही. शितं किती दाबली याला तेव्हा अर्थ उरत नाही, ती कुठून घेतली यालाच अर्थ उरतो.

आपले सर्व्हे बहुतेक वेळा वरची शितं दाबतात. गुगल फॉर्म तयार होतो, लिंक व्हॉट्सॲपवर जाते, मैत्रिणी ती आपापल्या ग्रुपवर टाकतात, तीन आठवड्यांत ३८४ उत्तरं जमतात. थिसिसमध्ये लिहिलं जातं, 'यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला.' बोलताना आपण 'रॅण्डम' हा शब्द 'जो सापडेल तो' या अर्थाने वापरतो आणि इथे घोळ होतो. संख्याशास्त्रातलं रॅण्डम याच्या बरोबर उलट आहे. तिथे कोण येणार हे माझ्या सोयीवर, ओळखीवर किंवा समोरच्याच्या उत्साहावर अजिबात ठरत नाही. त्यासाठी यादी लागते, चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीत नाव आलेल्या माणसाच्या दारात तीनदा जायची तयारी लागते.

मोठ्या सॅम्पलने प्रत्येक चूक जात नाही

जगभरच्या वर्गांत याचं एक उदाहरण शिकवतात. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाने निवडणुकीचा अंदाज घ्यायला जवळजवळ एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतले होते आणि त्या काळात या दोन्ही गोष्टी खात्यापित्या घरातच असायच्या. त्यातही उत्तर कोणी पाठवलं आणि कोणी नाही, हा आणखी एक चाळा लागला. वीस लाख शितं, सगळी वरची.

पण मला जास्त आवडतं ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं काम. मेथडॉलॉजीच्या नोट्समध्ये हे नाव सहसा येत नाही, आणि ते मराठी विद्यार्थ्याला माहीत नसावं याचं वाईट वाटतं. १९४० च्या दशकात देशात पीक किती येतं हे मोजायला शेतातला एक लहान तुकडा रॅण्डम निवडून तेवढंच पीक कापून तोलायची पद्धत रुजत होती. तुकडा किती मोठा घ्यायचा यावर वाद होता. महालनोबिस यांच्या बाजूचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण लहान तुकडे स्वस्तात जास्त घेता येतात. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण अगदी साधं आहे. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात आत धरण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त.

यातली खरी गंमत पुढे आहे. असे लहान तुकडे शंभराऐवजी हजार घेतले तर? चूक तेवढीच राहते. फक्त आपली खात्री वाढते. नमुना वाढवल्याने नशिबाची चूक कमी होते, हाताची चूक कमी होत नाही. ३८४ हा आकडा फक्त पहिल्या चुकीबद्दल बोलतो. दुसरीबद्दल तो मुका आहे, आणि आपल्या सर्व्हेत बहुतेक सगळा बिघाड दुसऱ्या जातीचा असतो.

१६ गावं, २४ घरं

बरं, समजा एखाद्या विद्यार्थिनीने मनापासून केलं. व्हॉट्सॲप नाही, प्रत्यक्ष फील्डवर्क. १६ गावं निवडली, प्रत्येक गावात २४ घरं, एकूण ३८४. आता तरी ताईत लागू पडेल ना?

पूर्ण नाही. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. पाणी एकच, शाळा एकच, साखर कारखाना एकच, बरेचदा पुढारीही एकच. दहाव्या घरात विचारलं तेव्हा जे कळलं, त्यातलं पुष्कळसं पहिल्या पाच घरांतच कळलेलं असतं. हा सारखेपणा मोजता येतो. समजा तो ०.१ आहे. मग २४ मधून एक वजा करून ०.१ ने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा: उत्तर ३.३. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ३८४ ला ३.३ ने भागलं की उरतात ११६. म्हणजे तिच्या ३८४ घरांमध्ये माहिती ११६ सुट्या घरांइतकीच आहे आणि मार्जिन ऑफ एरर पाच टक्क्यांचं नऊवर गेलं. तिची मेहनत वाया गेली असं मी म्हणत नाही. पण १६ ऐवजी ३२ गावं आणि प्रत्येकी १२ घरं घेतली असती तर तेवढ्याच मुलाखतींत जास्त हाती लागलं असतं. हे तिला आधी कोणी सांगितलं का, हा प्रश्न आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, आपण सगळे उद्धृत करतो. त्याच्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरं होती. पण ती निवडली कशी, ते किती जण वाचतात? आधी गावं किंवा शहरातले गट निवडतात, तिथे जाऊन घरांची नवी यादी करतात, मग त्या यादीतून ठरलेल्या अंतराने २२ घरं घेतात, आणि अहवालाच्या शेवटी डिझाइन इफेक्टसह सगळ्या चुकांचे तक्ते देतात. आकड्यापेक्षा हे परिशिष्ट शिकवण्यासारखं आहे.

तिसरी अडचण प्रश्नांची. आपल्याला एक टक्केवारी हवी असते असं कधी होतच नाही. आपल्याला तुलना हवी असते: बायका आणि पुरुष, बागायती आणि कोरडवाहू, या जातीतले आणि त्या जातीतले. समजा ३८४ मध्ये स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या बायका निघाल्या २४. त्यांच्यातल्या निम्म्या 'हो' म्हणाल्या. त्या निम्म्याचा मार्जिन वीस टक्क्यांचा आहे, म्हणजे खरा आकडा ३० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो. तरी निष्कर्षाच्या प्रकरणात लिहिलं जातं, '५० टक्के महिला जमीनधारकांना असे वाटते.' शिफारशींच्या प्रकरणात त्यावर एक योजनाही सुचवली जाते.

यात जातं काय?

कोणी म्हणेल, थिसिस वाचतो कोण? गाइड, दोन परीक्षक आणि विद्यार्थ्याची आई. मग एवढं मनावर कशाला घ्यायचं?

मला यात तीन नुकसानं दिसतात. पहिलं, ज्यांच्याबद्दल आपण बोलतो तीच माणसं गायब होतात. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जानेवारीत सर्व्हे करा. ऊसतोडीला गेलेली घरं बंद असतील. दारात म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील. बंद घर सोडून शेजारचं घर घेतलं की फॉर्म भरतो, ३८४ पूर्ण होतात, आणि गावातली सगळ्यात नाडलेली कुटुंबं तुमच्या तक्त्यातून बाहेर पडतात. तक्ता बघून हे कोणाला कळणारही नाही. पुढे तोच तक्ता दुसऱ्या कोणाच्या 'पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात' जातो.

दुसरं नुकसान विद्यार्थ्याचं. फेलोशिप वेळेवर येत नाही, एसटीचं भाडं खिशातून जातं, आणि डोक्यावर ३८४ चं ओझं. नीट केलेल्या १२० मुलाखती जमतील अशा वेळात आणि पैशांत ३८४ करायला लावलं की मुलाखत दहा मिनिटांवर येते. त्याहून वाईटही होतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून भरलेल्या फॉर्मबद्दल कोणी लेखी काही देणार नाही, पण ही गोष्ट कोणाला नवीनही नाही.

तिसरं नुकसान त्या ३८४ लोकांचं. त्यांनी कामाचा वेळ दिला, घरातलं सांगितलं. ज्यातून धड काही निघणार नाही अशा कामासाठी माणसांचा वेळ घेणं हाही नैतिकतेचाच प्रश्न आहे. आपण तो संमतीपत्रावरच्या सहीवर संपवतो.

पेपर काय शिकवतो

२००९ च्या यूजीसी नियमांपासून पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं झालं. २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केलं आणि कोर्सवर्कसाठी किमान १२ क्रेडिट ठेवले. म्हणजे संशोधन शिकायची जी एक पायरी एमफिलमध्ये होती, तिचा भार आता एमएच्या पेपरवर आणि या कोर्सवर्कवर आला. कागदावर मेथडॉलॉजी आधीपेक्षा जास्त आहे.

वर्गात काय होतं? 'नमुना निवडीचे प्रकार सांगून गुणदोष स्पष्ट करा' अशा पद्धतीचा प्रश्न दहा-पंधरा मार्कांना असतो, म्हणून नोट्स त्या प्रश्नाच्या आकाराच्या होतात. संभाव्यता नमुना, असंभाव्यता नमुना, प्रत्येकाचे चार पोटप्रकार, प्रत्येकाचे गुण पाच, दोष पाच. नेटच्या पहिल्या पेपरमध्ये ५० प्रश्नांत रिसर्च ॲप्टिट्यूड हा दहापैकी एक घटक, तिथेही चारपैकी एक पर्याय निवडायचा. मुलांना स्नोबॉलची व्याख्या पाठ येते. पण चाळीस घरांच्या वस्तीची यादी करायला पाठवलं तर एका खोलीत दोन चुली असतील तेव्हा ते एक कुटुंब धरायचं की दोन, इथे अडतात. नोट्समध्ये चूल नसते.

मग सल्लागार समितीसमोर प्रश्न येतो, 'सॅम्पल साइज जस्टिफाय करा.' ज्याला गणिताच्या अटी कधी कोणी उलगडून दाखवल्या नाहीत, तो दुसरं काय करणार? तक्ता दाखवतो. समितीही समाधान पावते, कारण तिलाही तोच तक्ता शिकवलेला असतो. विचारायचा प्रश्न खरं तर 'किती?' हा नाही. 'कोणत्या यादीतून, आणि कोण राहून गेलं?' हा आहे. तो सहसा येत नाही.

गुणात्मक संशोधनवाल्यांनी यावर हसू नये. तुमच्याकडे १२ चा ताईत आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या ६० मुलाखती तपासून सांगितलं की नवे मुद्दे बहुतेक सगळे पहिल्या बारांत आले. बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या बायका, ठरलेले प्रश्न, नेमका विषय. त्यांचं निरीक्षण अशा कामापुरतं होतं. आपण त्यातून 'बारा झाल्या की सॅच्युरेशन' एवढंच उचललं.

मग करायचं काय?

'एवढं शुद्ध करायला पैसे कुठून आणू?' हा आक्षेप मला मान्य आहे. सोयीचा नमुना घेणं हे पाप नाही. नवा विषय चाचपायला, प्रश्नावली तपासायला, एकाच गटातले फरक समजून घ्यायला तो चालतो. चालत नाही ते एवढंच: सोयीचा नमुना घ्यायचा आणि त्यावर पाच टक्क्यांच्या मार्जिनचं कुंकू लावायचं.

आणि याद्या वाटतात तितक्या दुर्मिळ नाहीत. ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही असते, मतदार यादी असते, अंगणवाडीचं रजिस्टर असतं, शाळेचं जनरल रजिस्टर असतं. प्रत्येकीत कोणीतरी सुटलेलं असतं: घरपट्टीत गावाबाहेरच्या झोपड्या, मतदार यादीत नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना. कोण सुटलंय हे शोधणं हेच निम्मं फील्डवर्क आहे.

मला तिसऱ्या प्रकरणात वाचायला आवडेल असा एक परिच्छेद देते. आकडे समजण्यापुरते, कल्पित आहेत:

'घरपट्टीच्या नोंदवहीत ४१० घरं होती. मी फिरून यादी केली तेव्हा ४६३ भरली. जास्तीची ५३ घरं मुख्यतः गायरानावरची आहेत. चिठ्ठीत ३ हा आकडा आला, म्हणून तिसऱ्या घरापासून दर पाचवं घर घेतलं. ९३ घरं निवडली गेली. ७४ घरी मुलाखत झाली. सात घरांनी नकार दिला. बारा घरं ऊसतोडीला गेली होती. तीनदा जाऊनही भेटली नाहीत. त्यामुळे माझे कर्जाचे आकडे खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.'

यात ३८४ नाही. पण शेवटचं वाक्य बघा. चूक कुठल्या दिशेने झाली असेल तेही त्यात सांगितलंय. असं एक वाक्य लिहिता येणं म्हणजे मेथडॉलॉजी आली, असं मी म्हणेन. एमएच्या एका सत्रात एक वस्ती, एक यादी, एक चिठ्ठी आणि असं एक पान, एवढं जरी प्रत्येकाकडून करून घेतलं तरी गुणदोषांच्या नोट्सची गरज उरणार नाही.

समितीपुढे जाणार असाल तर तक्ता जरूर न्या, त्यांना बरं वाटेल. पण त्याच्या शेजारी तुमची यादी ठेवा, आणि बंद घरांचा आकडा मोठ्याने वाचा. कोणी विचारलं नाही तरी.

तुमच्या गाइडने किंवा समितीने सॅम्पलबद्दल काय विचारलं, ते कमेंटमध्ये लिहा; नावं नकोत, प्रश्न पुरे. पुढच्या पोस्टमध्ये क्रोनबॅक अल्फाकडे वळू. ०.७ हा ताईत क्रमांक दोन.